बंदूक मामांची, स्प्रिंग मुंबईची

साताऱ्याच्या मंगळवार पेठेत आमचे आजोळ. तिथल्या दिवाळीतली सर्वांत मोठी चैन म्हणजे फराळ नव्हे, फटाकेही नव्हेत. ती म्हणजे मामांची छर्ऱ्याची बंदूक. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले की कारीट पायाखाली चिरडायचे, हा रिवाज सगळ्यांच्याच घरी असतो. आमच्या मामांनी त्याला स्वतःची एक पुरवणी जोडली होती. बाजारातून दोन-चार कारिटे आणायच्या ऐवजी ते टोपलीभर आणीत, आणि उरलेली भाऊबीजेच्या सकाळी परसातल्या मातीच्या भिंतीवर ओळीने मांडीत. दहा पावलांवर कोळशाची रेघ. रेघेमागे आम्ही मामेभावंडे आणि मावसभावंडे वयाच्या क्रमाने उभी. प्रत्येकाला तीन छर्रे. "नरकासुराची पिलावळ अजून शिल्लक आहे, धरा नेम!" असे मामा गरजले की आमची छाती धडधडू लागे. ज्याचे कारीट पडेल त्याला एक अनारसा जादा. माझ्या वाट्याला उभ्या बालपणात असे चारच अनारसे आले, पण त्यांची चव अजून जिभेवर आहे.

मामा गेले. बंदूक फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेली. गेल्या वर्षी श्रावणात मी मामींना भेटायला साताऱ्याला गेलो, तेव्हा चहाचा कप हातात देता देता त्या म्हणाल्या, "ती माळ्यावरची बंदूक आता तू घेऊन जा. तुझ्या पोराला नेमबाजीचा नाद लागलाय म्हणतोस ना?"

"अहो मामी, पण ती चालते का अजून?"

"ते मला काय विचारतोस? चालती कर. पण एक आहे. भाऊबीजेला ती इथं परत आली पाहिजे. हे गेल्यापासून भिंत रिकामी आहे बघ."

एवढे बोलून मामी आत गेल्या. मी माळ्यावर चढलो.

चादरीत गुंडाळलेली ती चीज एस.टी.तून सांगलीला आणताना जो प्रसंग आला तो सांगत बसत नाही. पेठ नाक्याला कंडक्टरने "काय आहे हो सर हे?" म्हणून विचारले, आणि मी मराठीचा प्राध्यापक असूनही मला दोन मिनिटे शब्द सुचला नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

अंगठ्याची गोष्ट

घरी आल्यावर आमच्या चिरंजीवांनी बंदुकीचा ताबा घेतला. वय वर्षे सोळा. भिंतीवर तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळे यांची छायाचित्रे. सावंतबाई कोल्हापूरच्या, २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक आणले. तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांना दर दोन दिवसांआड आपण नेमबाज व्हावे असे वाटते. आमचा त्यांतलाच.

पहिला छर्रा नळीतून निघाला तो अंगणात चार पावलांवर पडला. चिरंजीवांनी निदान केले, "बाबा, स्प्रिंग गेलीय आणि वायसरही गेलंय." निदान अगदी बरोबर होते. उपचार मात्र तसा नव्हता. बंदुकीवर ठसठशीत अक्षरांत 'डायना' असे नाव कोरलेले होते. त्याने मोबाइलवर पाहून मुंबईच्या एका दुकानातून 'डायनाचा जोरदार संच' मागवला. आठ दिवसांत पुडके आले. त्यात चकचकीत नवी स्प्रिंग, प्लॅस्टिकसारख्या द्रव्याचे निळे वायसर आणि दोन स्क्रू. जुनी स्प्रिंग या नवीपुढे रोडावलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसत होती. मलाही वाटले, वा! मामांची बंदूक आता खरी तरणी होणार.

एका रविवारी दुपारी बापलेकांनी मिळून ती स्प्रिंग आत कोंबली. कोंबली हाच शब्द खरा. वायसरच्या कडा जरा कातराव्या लागल्या. एक स्क्रू आत जाईना, तो जोर लावून बसवला. मग नळी मोडून खाली ओढली. फार ताण लागला, पण शेवटी 'खट्' असा आवाज आला. लहानपणच्या ऐटीत मी म्हणालो, "आण इकडे, पहिला छर्रा मी भरतो." नळी हाताने धरून ठेवायची असते, हे मामांनी शंभरदा सांगितलेले मी विसरलो. छर्रा बोटाने आत सारला, आणि त्याच क्षणी खटका सुटला. नळी फटका मारावा तशी वर आली.

अंगठा वाचला. नख गेले. दोन आठवडे मला खडू धरता आला नाही. हाताला बांधलेली पट्टी पाहून वर्गात मुलांनी विचारले, "सर, काय झालं?" मी म्हणालो, "संधिविच्छेद झाला." वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण तो अंगठा माझा होता हे नशीब. आणखी दोन मिनिटांनी तो मुलाचा असता.

नावावर जाऊ नका

सांगली-मिरज रस्त्याच्या एका गल्लीत एक वृद्ध मिस्त्री आहेत. उमेदीची वर्षे त्यांनी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये घालवली. आता घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक छोटा लेथ, एक व्हाइस आणि भिंतीभर पान्हे घेऊन बसतात. पंप, शिलाईयंत्रे, कुलुपे, काय वाटेल ते दुरुस्त करतात. मार्गशीर्षात पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा तोंडावर आली की फुगे फोडायच्या खेळवाल्यांच्या बंदुका त्यांच्याकडे येतात. यात्रेत त्या बंदुकीतून दिवसाकाठी शेकडो छर्रे उडतात. तेव्हा बंदुकीचे कुठले हाड कधी मोडते हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

मी बंदूक, पुडके आणि पट्टी बांधलेला अंगठा असे तिन्ही त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी आधी अंगठ्याकडे पाहिले, मग पुडक्याकडे, आणि सगळ्यांत शेवटी बंदुकीकडे.

"काय ओ सर, हे मागवलं कशावरनं?"

"नावावरून. डायना."

"कुठली डायना?"

मला वाटले, डायना म्हणजे डायना. तिच्यात पुन्हा कुठली आणि कसली? मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला, भिंग घेतले आणि नळीच्या मुळाशी तेलाने भिजवलेले फडके फिरवले. गंजाखालून बारीक अक्षरे वर आली: 'मेड इन ग्रेट ब्रिटन'.

"पोरानं मागवली जर्मनीच्या डायनाची स्प्रिंग. ही डायना साहेबाच्या देशची. नावावर जाऊ नका, सर. मापावर जा."

त्या दिवशी उलगडलेली कथा मोठी मजेची आहे. डायना ही मुळात जर्मनीतल्या रास्टाट गावच्या मायर आणि ग्रामेलश्पाखर या कारखान्याची बंदूक. कारखाना १८९० चा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरली आणि त्या कारखान्याची यंत्रसामग्री नुकसानभरपाईत निघाली. ती मिलर्ड ब्रदर्स या ब्रिटिश कंपनीने घेतली, तिच्याबरोबर डायना हे नावही घेतले, आणि स्कॉटलंडमध्ये मदरवेलला 'मिलब्रो'च्या डायना निघू लागल्या. इकडे १९५० मध्ये जर्मनांनी आपला कारखाना पुन्हा उभा केला. पण ब्रिटनच्या बाजारात त्यांचे स्वतःचेच नाव आता परक्याचे झाले होते. तेव्हा तिथे त्यांना आपली बंदूक 'ओरिजिनल' या नावाने विकावी लागली. पुढे मिलब्रोने बंदुका करणे थांबवल्यावर नाव परत माहेरी गेले. म्हणजे बरीच वर्षे एकाच नावाच्या दोन बहिणी दोन देशांत वाढत होत्या. चेहरा एकसारखा, पण एकीचा चुडा दुसरीच्या हातात जाईलच असे नाही.

आम्हा सांगलीकरांना यात नवल वाटायचे कारण नाही. १९४९ साली आमचा जिल्हा झाला तो 'दक्षिण सातारा' या नावाने. सांगली जिल्हा हे नाव त्याला १९६० मध्ये मिळाले. त्या अकरा वर्षांत नुसत्या 'सातारा' या नावावर विसंबून निघालेला पाहुणा कुठे पोहोचला असता?

आपल्या देशी बंदुकांचीही हीच तऱ्हा. मिस्त्रींच्या शेडमध्ये यात्रेची एक बंदूक पडली होती, ती इंडियन ह्यूम पाइप कंपनीची निघाली. मी चकितच झालो. सिमेंटचे नळ करणारी कंपनी बंदुका करते? करते, छर्ऱ्याच्या करते. वालचंद हिराचंदांनी १९२६ साली ही कंपनी काढली. त्यांच्याच नावाच्या इंजिनिअरिंग कॉलेजावरून मी सांगलीत रोज जातो, पण हे मला ठाऊक नव्हते. आपल्याकडच्या पुष्कळ देशी बंदुका परदेशी नमुन्यांवरून बेतलेल्या असतात. त्यामुळे 'हिचा भाग तिला लागतो' ही आवई बाजारात फार. कधी लागतोही. पण लागतो की नाही हे बंदूक सांगते, दुकानदार नाही.

स्प्रिंगची पाच मापे

छर्ऱ्याच्या बंदुकीत दारू नसते, हे सर्वांना ठाऊक आहे. मग छर्रा उडतो कसा? सायकलचा पंप डोळ्यांपुढे आणा. सिलिंडरमध्ये एक दट्ट्या, आणि दट्ट्यामागे जाड स्प्रिंग. नळी मोडून खाली ओढली की दट्ट्या मागे सरतो, स्प्रिंग दबते आणि खटका दट्ट्याला पकडून ठेवतो. चाप ओढला की खटका सुटतो, दट्ट्या पुढे झेपावतो, पुढची हवा एका क्षणात दाबली जाते आणि छर्ऱ्याला नळीतून ढकलून देते. म्हणजे बंदुकीची ताकद स्प्रिंगमध्ये आणि तिचे इमान खटक्यात. आम्ही ताकद वाढवायला गेलो आणि इमान गमावून बसलो.

मिस्त्रींनी बंदूक सुताराच्या शिकंजात धरली, कारण आतली स्प्रिंग विसाव्यालाही थोडी दबलेली असते आणि मागची कळ काढताच ती तोंडावर येऊ शकते. (आम्ही हे काम मांडीवर घेऊन केले होते. ऐकून त्यांनी नुसते कपाळाला हात लावला.) शिकंजा हळूहळू सैल करीत त्यांनी स्प्रिंग बाहेर काढली, टेबलावर ठेवली आणि मुलाच्या हातात व्हर्निअर दिला. "मोज."

स्प्रिंगची मापे पाच: तारेची जाडी, बाहेरचा व्यास, आतला व्यास, वेढ्यांची संख्या आणि मोकळी लांबी. बाहेरचा व्यास दट्ट्याच्या पोकळीत सुखाने मावला पाहिजे. आतला व्यास मधल्या मार्गदर्शक दांडीवर बसला पाहिजे. फार सैल नको, नाहीतर स्प्रिंग नागमोडी होते आणि घासते. ही दोन मापे आमच्या नव्या स्प्रिंगची जुळत होती. म्हणून तर ती आत गेली, आणि म्हणूनच आम्ही फसलो. आत जाणे आणि बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरी गोम तारेच्या जाडीत आणि वेढ्यांत होती. जुन्या स्प्रिंगची तार ३ मिलिमीटरची, वेढे ३४. नवीची तार ३.२ ची, वेढे ३८. आता स्प्रिंग कितीही दाबा, एकदा सगळे वेढे एकमेकांना टेकले की ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडाची नळी होते. त्या वेळची तिची लांबी म्हणजे तारेची जाडी गुणिले वेढे. जुनीची झाली १०२ मिलिमीटर, नवीची जवळजवळ १२२. मिस्त्रींनी दट्ट्या खटक्यात अडकवून आत एक गज घातला आणि स्प्रिंगला उरणारी जागा मोजली. ती होती ११२.

चिरंजीवांनी हिशेब कागदावर मांडला आणि त्यांचा चेहरा उतरला. स्प्रिंग पुरती दबूनही दहा मिलिमीटर जागा कमी पडत होती. दट्ट्या आपल्या जागेपर्यंत मागे येतच नव्हता. आम्ही जिवाच्या आकांताने ओढली तेव्हा स्प्रिंग तिरकी होऊन कशीबशी दबली, आणि खटक्याने दट्ट्याची नुसती कडा पकडली. 'खट्' असा जो आवाज आम्ही यशाचा समजलो, तो केसाला लोंबकळणाऱ्या तलवारीचा होता. तिसरी इयत्ता पास झालेल्या माणसाला येणारा हा गुणाकार. तो आधी केला असता तर माझे नख शाबूत राहिले असते.

आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी सांगितली ती मनात ठसली. स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास आणि वेढे तेच ठेवून तार ३ ची ३.२ केली, तर डोळ्यांना फरक दिसत नाही. ताठरपणा मात्र जवळजवळ तीस टक्क्यांनी चढतो. हा सगळा वाढीव भार सोसायचा कुणी? साठ-सत्तर वर्षे घासलेल्या त्या खटक्याच्या धारेने.

वायसर आणि आटे

मग निळे वायसर. दट्ट्याच्या तोंडाशी असलेले हे वायसर हवा मागे निसटू देत नाही. ज्यांनी स्टोव्हच्या पंपाचे चामडी वायसर तेलात भिजवून उलट-सुलट केले आहे, त्यांना याचे शास्त्र वेगळे सांगायला नको. जुन्या बंदुकीला वाटीच्या आकाराचे चामड्याचे वायसर असते आणि ते मधोमध एका स्क्रूने दट्ट्याला आवळलेले असते. नव्या पद्धतीचे कृत्रिम वायसर दट्ट्याच्या टोकावर खाचेत बसते. म्हणजे वायसर बदलायचे तर दट्ट्याचे टोकही बदलावे लागते, किंवा लेथवर मधला जोड करून घ्यावा लागतो. शिवाय कृत्रिम वायसरला सिलिंडर आतून आरशासारखा गुळगुळीत लागतो. जुन्या सिलिंडरचे ओरखडे त्याला सोलून काढतात. चामडे बिचारे सोशिक. ते ओरखड्यांशी जुळवून घेते, फक्त त्याला अधूनमधून तेलाचा थेंब लागतो. थेंब म्हणजे थेंबच. कौतुकाने चमचाभर ओतले, तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते तेल आतल्या आत पेट घेते, डिझेल इंजिनात घेते तसे. मोठा बार होतो, नळीतून धूर येतो आणि पोराला वाटते बंदूक सुधारली. प्रत्यक्षात प्रत्येक बारागणिक स्प्रिंग आणि वायसर यांचे आयुष्य कमी होत असते.

आमचे वायसर सिलिंडरपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने मोठे होते. ते आम्ही कात्रीने छाटले होते. मिस्त्रींनी ती कातरलेली कड भिंगाखाली धरली आणि मला दाखवली. उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती.

राहिला स्क्रू. ब्रिटिश बंदूक म्हटली की आटे इंचांचे असतील असा कुणाचाही तर्क. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, सहा मिलिमीटरचा स्क्रू त्यात डुगडुगेल. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६० अंशांचा. दोन-तीन फेरे एकमेकांत जातातही, पण मग अडतात, आणि जोर लावला की दोघांचेही दात पडतात. मिस्त्रींनी आटे मोजायची पट्टी लावली. दस्त्याचे दोन आटे एका मापाचे, तिसरा भलत्याच मापाचा. ते हसले. "हे साताऱ्यातल्या कुणीतरी केलेलं काम आहे, सर. जुना आटा गेला म्हणून नवा पाडला. चांगला पाडलाय." मला एकदम आठवले, मामा एका पावसाळ्यात बंदूक घेऊन पोवई नाक्याकडे कुणा कारागिराकडे गेले होते.

आणि इथे मला या सगळ्या प्रकरणाचा अर्थ लागला. जुनी वस्तू ही कारखान्यातून निघाली तशी राहिलेलीच नसते. ज्या ज्या हातांनी ती दुरुस्त केली, त्या सगळ्यांचे माप तिच्यात उतरलेले असते. म्हणून नुसते नाव पुरत नाही, नावाखालचा आकडाही पुरत नाही, जुने सूचीपत्र मिळाले तरी तेही पुरत नाही. आपल्या हातातली बंदूक आपणच मोजावी लागते.

आमच्या मिरजेला हे कुणी शिकवायला नको. एकोणिसाव्या शतकात तिथले शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना पाणी देणारे कारागीर, शस्त्रांचे दिवस सरल्यावर तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले, आणि फरीदसाहेबांपासून मिरजेची सतार नावारूपाला आली. तिथे आजही एका सतारीची घोडी उचलून दुसरीवर ठेवून कुणी मोकळा होत नाही. ती त्या सतारीवर ठेवून, ऐकून, घासून, पुन्हा ऐकून बसवतात. बंदुकीच्या बाबतीत ऐकण्याच्या जागी मोजायचे, एवढाच फरक.

जोर कशाला हवा?

मिस्त्रींनी मुलाला विचारले, "तुला जोर कशाला पाहिजे?" तो म्हणाला, "जास्त जोर म्हणजे जास्त नेम." ते म्हणाले, "उलटं आहे बघ."

दहा मीटर एअर रायफल हा प्रकार १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. त्याच प्रकारात ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोला जगज्जेता झाला. या स्पर्धेतल्या लक्ष्याचा दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि त्यावर नेम धरणाऱ्या बंदुकीचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने जातो. अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याची ऊर्जा त्या वेगाला सव्वासात ज्यूलच्या आसपास भरते. जगज्जेतेपदाला एवढे पुरते. स्प्रिंगच्या बंदुकीत जोर वाढवला की दट्ट्याचा धक्काही वाढतो, आणि छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच बंदूक हलते. नेम जातो तो तिथे.

कायद्याचीही एक कड आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या बोराची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची हवाई बंदूक असेल तर परवाना लागत नाही. दोहोंपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तर लागतो. जुन्या इंग्रजी बंदुकांत ०.२२ बोराच्या पुष्कळ आहेत. तेव्हा माळ्यावरून बंदूक काढली की पहिले माप बोराचे घ्यावे, बाकीचे मग. आमची सुदैवाने साडेचारची निघाली. आणि पाखरांवर नेम धरण्याचा विचारही मनात आणू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. त्याआधीही ते पाप होतेच. मामांनी आम्हाला चिमणीकडे नळी वळवू दिली नाही.

मिस्त्रींनी महिनाभर घेतला. जुन्या मापाची, ३ मिलिमीटर तारेची, ३४ वेढ्यांची स्प्रिंग करवून आणली. वायसरसाठी कोल्हापुरी चपलेचे, हिरडा-बाभळीच्या सालीत कमावलेले चामडे घेतले, भिजवले, लाकडी साच्यात दाबून वाटी केली, वाळवली आणि तेल पाजले. नळीच्या सांध्यातले छोटे वायसरही बदलले. ते गळते की नाही हे पाहायची त्यांची युक्ती सोपी: सांध्यावर पातळ कागदाची चिंधी ठेवायची आणि बार काढायचा. चिंधी उडाली तर हवा गळते. आमची जागची हलली नाही. खटक्याची धार त्यांनी भिंगाखाली तपासली, दगडावर दोन हात फिरवले, आणि मग रिकामी बंदूक, नळी घट्ट धरून, वीस वेळा ओढून पाहिली. वीसही वेळा खटका धरून राहिला. बंदूक परत देताना ते मुलाला एवढेच म्हणाले, "छर्रा भरताना डावा हात नळीवरनं सोडायचा नाही. छर्रा नसताना चाप ओढायचा नाही. बाकी मामांनी सांगितलंच असेल."

भाऊबीजेला आम्ही साताऱ्याला गेलो. परसातली भिंत मामींनी आदल्या दिवशीच शेणामातीने लिंपून घेतली होती. कारिटांची टोपली तयार. कोळशाची रेघ माझ्या मुलाने ओढली. भावंडे आता पोराबाळांची झाली आहेत. ती सगळी वयाच्या क्रमाने उभी राहिली. बार जुनाच, मोठा नव्हे. 'टप्' असा, मी लहानपणी ऐकलेला. कारिटे पडू लागली. अनारसे वाटले जाऊ लागले.

सगळ्यांचे झाल्यावर मामी पुढे आल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं नुसती अनारसे तळत राहिले. आज मला बघू दे." खुर्ची मांडली, पाठीवर उशी ठेवून तिच्यावर बंदूक टेकवली. छर्रा मुलाने भरला. त्याचा डावा हात नळीवर घट्ट होता, हे मी पाहून घेतले. मामींनी एक डोळा मिटला, बराच वेळ माशी न्याहाळली आणि चाप ओढला. समोरचे कारीट जागच्या जागी राहिले. त्याच्या शेजारचे पडले.

"मी त्याच्यावरच धरला होता," मामी म्हणाल्या, आणि अनारसा उचलला.

मुंबईहून आलेली ती जोरदार स्प्रिंग अजून माझ्या टेबलावर आहे. तपासायच्या उत्तरपत्रिकांवर ती वजन म्हणून चांगली बसते. तिला मी एक चिठ्ठी बांधून ठेवली आहे: तार ३.२ मिलिमीटर, वेढे ३८. कुणा वाचकाच्या बंदुकीला ती लागत असेल तर त्याने खुशाल घेऊन जावी. मात्र येताना बंदुकीचे नाव सांगू नये. माप घेऊन यावे.